स्तनाच्या कॅन्सरनंतर दारू घ्यावी का?

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की पुढचे काही दिवस धावपळीत जातात. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दाखवायचं, गोकुळ शिरगावच्या कॅन्सर सेंटरला जायचं की थेट मुंबईला टाटाला, सरकारी आरोग्य योजनेत बसतं का, आधी ऑपरेशन की आधी केमो. या सगळ्यात एक प्रश्न मनात असूनही विचारायचा राहून जातो: मी अधूनमधून घेते, ती बंद करायची का? कुणी शनिवारी नवऱ्याबरोबर एखादा पेग घेते, कुणी गोव्याला गेल्यावर बिअर, कुणी दिवसभर राबून आल्यावर रात्री देशीचा घोट. ओपीडीत डॉक्टर विचारतात, "मावशी, काही सवय आहे का?" शेजारी सासू किंवा मुलगा बसलेला असतो. उत्तर येतं, "छे हो." आणि विषय तिथेच संपतो.

आमचं उत्तर आधीच सांगतो. ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन चालू असेपर्यंत पूर्ण बंद. त्यानंतर हॉर्मोनच्या गोळ्यांच्या वर्षांतही बंद ठेवणंच चांगलं. सगळे उपचार संपल्यावरही न घेणं सगळ्यांत सुरक्षित; पण सणासुदीला कधीतरी घेतलेल्या एका पेल्याने आजार उलटतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. या नियमाला एकच अपवाद आहे. जिला रोज आणि भरपूर घ्यायची सवय आहे तिने स्वतःच्या मनाने एका झटक्यात सोडू नये. त्याचं कारण पुढे येईल.

आणखी एक गोष्ट. घेत होतीस म्हणून झालं, असं कुणी म्हणत असेल, आणि बहुतेक वेळा ते ती बाई स्वतःलाच म्हणत असते, तर ते मनातून काढून टाका. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 15 वर्षांवरच्या बायकांमध्ये दारू घेणाऱ्या जेमतेम एक टक्का आहेत. तरीही भारतीय बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे. म्हणजे हा आजार झालेल्या बहुतेकींनी आयुष्यात थेंबही घेतलेला नसतो. दारूने धोका वाढतो हे खरं, पण अमुक बाईचा कॅन्सर दारूमुळेच झाला, असं कुठल्याही तपासणीत कळत नाही.

पेग मोजू नका, ग्रॅम मोजा

"थोडीशीच घेते" या शब्दांवरून काहीच ठरवता येत नाही. किती अल्कोहोल पोटात गेलं हे मोजायचं तर हिशेब सोपा आहे: मिलिलिटर गुणिले लेबलवरचे टक्के, भागिले 100, गुणिले 0.8. आलेलं उत्तर ग्रॅममध्ये.

आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा 42.8 टक्के लिहिलेलं असतं. त्याचा 30 मिलीचा छोटा पेग म्हणजे 10 ग्रॅम. साठचा मोठा पेग 20 ग्रॅम. नाइन्टी 30 च्या वर आणि क्वार्टर, म्हणजे 180 मिली, सुमारे 61 ग्रॅम. 12.5 टक्क्यांच्या वाइनचा 150 मिलीचा ग्लास 15 ग्रॅम. बिअरला हलकं समजतात, तिथे फसगत होते. 650 मिलीची 5 टक्क्यांची बाटली 26 ग्रॅम भरते, आणि 8 टक्क्यांची स्ट्राँग बाटली जवळजवळ 42 ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बिअर व्हिस्कीच्या चार छोट्या पेगांइतकी. गोड चवीच्या 275 मिलीच्या रंगीत बाटल्या, ज्यांना अनेकजणी दारू समजतच नाहीत, त्यातही 10 ग्रॅम असतं. हातभट्टीचा हिशेब करताच येत नाही, कारण तिला लेबल नाही. शिवाय तिच्यात मिथेनॉल असण्याची भीती आहे, म्हणून आजारात ती कुठल्याच प्रमाणात चालणार नाही.

घरी पेल्यात "दोन बोटं" ओतण्याची पद्धत आहे. 6 सेंटिमीटर रुंदीच्या स्टीलच्या पेल्यात दोन बोटं, म्हणजे 3 सेंटिमीटर उंची, भरली की ती 85 मिली होतात. एक पेग घेतला असं वाटतं आणि पोटात जवळजवळ तीन छोटे पेग जातात. एकदा तेवढंच पाणी ओतून औषधाच्या मापाने मोजून बघा, खरा आकडा कळेल.

ग्रॅमचा आग्रह अशासाठी की संशोधनातले बहुतेक आकडे ग्रॅममध्येच असतात. 2002 मध्ये 53 अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेल्या मोठ्या विश्लेषणात असं दिसलं की रोजच्या प्रत्येक 10 ग्रॅममागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे 7 टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरातल्या सात बायकांना जास्तीचा कॅन्सर होतो असा नाही. विकसित देशांच्या आकड्यांवरून केलेला हिशेब असा: अजिबात न घेणाऱ्या 100 बायकांपैकी 80 वर्षांच्या वयापर्यंत 8.8 जणींना हा आजार होतो. रोज 20 ग्रॅम घेणाऱ्यांत 10.1 जणींना आणि रोज 60 ग्रॅम घेणाऱ्यांत 13.3 जणींना. भारतात मूळ प्रमाण कमी आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावायचे नाहीत. पण वाढ सरळ रेषेत होते, आणि ती पहिल्या पेगापासूनच सुरू होते. अमुक मर्यादेच्या आत घेतली तर काहीच होत नाही, अशी मर्यादा सापडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत हेच जाहीर केलं.

शरीरात नेमकं काय होतं

दारूतलं इथेनॉल यकृतात जातं. तिथे त्याचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग अ‍ॅसिटेट. मधला पदार्थ, अ‍ॅसिटाल्डिहाइड, पेशीतल्या डीएनएला चिकटून त्याची मोडतोड करतो. ही क्रिया फक्त यकृतात होते असंही नाही, स्तनाच्या पेशींमध्येही इथेनॉल फोडणारी एन्झाइम्स असतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अल्कोहोलयुक्त पेयांना 1988 मध्येच पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर करतं हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत टाकलं. तंबाखू त्याच यादीत आहे. दारूमुळे होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्त्रियांच्या स्तनाच्या कॅन्सरची भर 2007 च्या बैठकीनंतर पडली. व्हिस्की, वाइन, बिअर असा फरक यात नाही; दोष इथेनॉलचा आहे, महागड्या बाटलीतल्या आणि स्वस्त बाटलीतल्याही.

दुसरी वाट इस्ट्रोजेनची, म्हणजे बाईच्या शरीरातल्या हॉर्मोनची. पाळी गेलेल्या बायकांना आठवडेच्या आठवडे मोजून अल्कोहोल देऊन केलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात, रोज 15 ग्रॅमवर रक्तातलं इस्ट्रोन सल्फेट (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि 30 ग्रॅमवर दहा टक्क्यांच्या वर. तुमच्या रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह लिहिलं असेल, तर तुमच्या गाठीला इस्ट्रोजेन खतपाणी घालतं. म्हणून ही वाट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. ईआर निगेटिव्ह असेल तर हा भाग कमी लागू होतो, पण डीएनएची मोडतोड आणि यकृतावरचा भार तसाच राहतो.

तिसरं, फोलेट, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व. दारूमुळे ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि डीएनएची दुरुस्ती करायला ते लागतं.

झालेल्या कॅन्सरचं पुढे काय

वर सांगितलेले आकडे पहिल्यांदा कॅन्सर होण्याचे आहेत. ज्यांना तो झालेलाच आहे त्यांचा प्रश्न वेगळा असतो, आणि एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. जुना आजार उलटेल का? आणि दुसऱ्या स्तनात नवा होईल का?

दुसऱ्याचं उत्तर त्यातल्या त्यात स्पष्ट आहे. 2009 मध्ये अमेरिकेत सिएटलजवळच्या भागात, ईआर पॉझिटिव्ह कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांचा अभ्यास झाला. दुसऱ्या स्तनात कॅन्सर झालेल्या 365 जणी आणि न झालेल्या 726 जणी यांची तुलना केली. आठवड्याला सात किंवा जास्त पेयं (ड्रिंक) घेणाऱ्यांमध्ये दुसऱ्या स्तनाच्या कॅन्सरची शक्यता 1.9 पट दिसली. सिगारेट ओढणाऱ्यांत 2.2 पट. आणि दोन्ही करणाऱ्यांत 7.2 पट. आपल्या भागात बायका सिगारेट क्वचित ओढतात, पण मिशरी घरोघरी आहे. त्या अभ्यासात मिशरी नव्हती, तरी तीही तंबाखूच आहे. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आखडतात, ऑपरेशनची जखम उशिरा भरते, म्हणून दारूबरोबर तिचाही विषय डॉक्टरांसमोर काढा. एकदा कॅन्सर झालेल्या बाईला दुसऱ्या स्तनात होण्याचा मूळ धोकाच इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे टक्केवारी तेवढीच वाढली तरी प्रत्यक्षात जास्त बायकांना फटका बसतो.

आजार उलटण्याबद्दल मात्र पुरावा दोन्हीकडे झुकतो. कॅलिफोर्नियातल्या 1,897 रुग्णांच्या अभ्यासात (2010) रोज 6 ग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण 1.35 पट आढळलं; पाळी गेलेल्या आणि वजन जास्त असलेल्यांत हे जास्त ठळक होतं. त्याच राज्यातल्या 3,659 रुग्णांच्या नंतरच्या अभ्यासात (2023) एकंदरीत तसा संबंध दिसला नाही. मग खरं कोणाचं? अशा अभ्यासांत एक अडचण कायम असते. जिची तब्येत जास्त बिघडते ती आपोआपच पिणं सोडते. म्हणून "न घेणाऱ्या" गटात जास्त आजारी बायका जमतात आणि "थोडी घेणाऱ्या" गटाची तब्येत कागदावर बरी दिसते. त्यात अमेरिकेत थोडी वाइन घेणाऱ्या बायका बहुधा सुखवस्तू, शिकलेल्या आणि वेळेवर तपासणीला जाणाऱ्या असतात. तेव्हा "संबंध दिसला नाही" याचा अर्थ "घ्यायला हरकत नाही" असा लावणं चूक. तसंच "एक पेग घेतलास, आता परत येणार" असं म्हणून एखादीला घाबरवणंही चूक.

उपचार चालू असताना

इथे मात्र दुमत नाही. पण "बंद" का हे नीट कळलं नाही तर पळवाट सापडते, म्हणून थोडं सविस्तर.

केमोचा डोस बहुधा 21 किंवा 14 दिवसांनी असतो. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तिसऱ्या आठवड्यात बरं वाटू लागतं, तोंडाला चव येते, आणि मनात येतं, आता घेतली तर काय होतंय. होतं ते असं. पुढच्या डोसच्या आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि यकृताची तपासणी असते. आदल्या शनिवारच्या दारूने त्यातलं एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याचं दाखवणारं एन्झाइम, वाढलेलं असेल, तर ते औषधामुळे वाढलं की दारूमुळे, हे डॉक्टरांना कळत नाही. डोस पुढे ढकलला जातो किंवा कमी केला जातो. "लाल केमो" म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन यकृतातून बाहेर पडतं, यकृताच्या तपासणीतलं बिलिरुबिन 1.2 च्या वर गेलं की त्याचा डोस निम्मा करावा लागतो. म्हणजे त्या पार्टीची किंमत उपचाराच्या ताकदीत मोजली जाते.

शिवाय तोंड आलेलं असतं, त्यावर दारू म्हणजे आग. उलट्या-जुलाबांत आधीच पाणी कमी झालेलं असतं, दारू आणखी लघवीला लावते. टॅक्सेन गटाच्या औषधांनी हातापायांना मुंग्या येतात, आणि दारूनेही नसा बिघडतात. डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब या दोन्हींचा हृदयाच्या स्नायूवर ताण येतो, म्हणून मधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. दीर्घकाळ घेतलेली दारू तोच स्नायू कमजोर करते. "रेड वाइन हृदयाला चांगली" हा सल्ला इथे अजिबात लावू नका.

फार थोड्या जणांना ठाऊक असलेली एक बाब आहे. साध्या पॅक्लिटॅक्सेलच्या बाटलीतला निम्मा द्रव अल्कोहोलच असतं, कारण ते औषध पाण्यात विरघळत नाही. मध्यम बांध्याच्या बाईच्या आठवडी डोसमधून सुमारे 8 ग्रॅम, आणि तीन आठवड्यांच्या मोठ्या डोसमधून 17 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल शिरेतून जातं. डोसेटॅक्सेलच्याही काही कंपन्यांच्या औषधांत ते असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. म्हणून सलाइन संपल्यावर स्वतः स्कुटी चालवत घरी जाऊ नका. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम चालू असेल तर हे केमोच्या आधी सांगायलाच हवं, नाहीतर सलाइन चालू असतानाच धडधड, उलट्या आणि रक्तदाब उतरणं असा प्रकार होऊ शकतो. दातांसाठी किंवा पोटासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल तर तेही सांगा.

तोंड धुवायच्या बाटलीबंद औषधांतही अनेकदा अल्कोहोल असतं. त्याऐवजी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरा. तोंड आलं असेल तोवर तांबडा रस्साही बाजूला ठेवा, पांढरा कमी तिखट करून चालेल. आणि गंगावेशीतलं म्हशीचं धारोष्ण दूध कितीही ताकदीचं म्हणून कुणी आणून दिलं, तरी पांढऱ्या पेशी कमी असताना न उकळता पिऊ नका.

गोळ्यांची पाच-दहा वर्षं

हॉर्मोनच्या गोळ्या म्हणजे टॅमॉक्सिफेन 20 मिलिग्रॅम किंवा लेट्रोझोल अडीच मिलिग्रॅम, रोज एक, पाच ते दहा वर्षं. सगळं सुरळीत झालं असं वाटतं, बाहेरून आजारी दिसत नाही, त्यामुळे निर्णय खरा इथे घ्यावा लागतो. टॅमॉक्सिफेनने काहींच्या यकृतात चरबी साठते, दारूनेही साठते. टॅमॉक्सिफेनने अंगातून निघणाऱ्या गरम वाफा दारूने वाढतात, विशेषतः रात्री. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल हाडं ठिसूळ करतं, दारू त्यात भर घालते आणि तोल जाऊन पडण्याची भीती वेगळी. शिवाय लेट्रोझोल शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करण्यासाठी घ्यायचं आणि वर दारूने ते वाढवायचं, याला काही अर्थ उरत नाही.

वजनाचाही भाग आहे. अल्कोहोलच्या एका ग्रॅममधून 7 कॅलरी मिळतात. साठचा पेग म्हणजे 140, कोल्ड्रिंक आणि चकणा वेगळा. पाळी गेल्यानंतरचं वाढलेलं वजन या आजाराला पोषकच ठरतं.

झोपेसाठी घेणाऱ्या बऱ्याच असतात. दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण रात्री दोन-तीनला झोप मोडते आणि मग लागत नाही. त्यावर अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी घेतली जाते. झोपेची गोळी किंवा ट्रॅमाडॉल, प्रिगॅबालिन ही दुखण्यावरची औषधं यांच्याबरोबर दारू गेली तर श्वास मंदावू शकतो. झोप लागत नाही ही तक्रार म्हणूनच सांगा, तिच्यावर उपाय आहेत.

इतकं सगळं ऐकूनही उपचार संपल्यावर कधीतरी घ्यायचीच असं एखादीने ठरवलं, तर तो तिचा अधिकार आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या 2020 च्या मार्गदर्शनात न घेणंच उत्तम आणि घेतलीच तर बाईने दिवसाला एका पेयापेक्षा जास्त नको असं म्हटलंय; त्यांचं एक पेय 14 ग्रॅमचं. आम्ही याहून कडक सांगू: रोज नको, ठरावीक वार नको, प्रसंगी एक छोटा पेग मोजून, जेवणाबरोबर. "झीरो" लिहिलेली बिअर चालते, पण लेबल वाचा, 0.5 टक्के असेल तर 330 मिलीत 1.3 ग्रॅम जातं.

काढा म्हणून घेतलं जाणारं अल्कोहोल

द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट. कुठलंही आसव किंवा अरिष्ट आंबवूनच तयार होतं, त्यात 5 ते 10 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. 20 मिली दोन वेळा घेतलं तर दिवसाला दीड ते सव्वातीन ग्रॅम. पेगाच्या मानाने हे कमी आहे, आणि कुणी घेतलं म्हणून घाबरू नये. पण डायसल्फिराम किंवा मेट्रोनिडाझोल चालू असताना एवढंही त्रास देऊ शकतं, आणि केमोबरोबर त्यातल्या वनस्पतींचं काय होतं हाही प्रश्न असतो. घरात चालू असलेली प्रत्येक बाटली पिशवीत घालून ओपीडीत न्या.

डॉक्टरांना खरं कसं सांगायचं

घरच्यांसमोर बोलता येत नसेल तर चिठ्ठी द्या. त्यावर एवढंच पुरे: काय घेते, एका वेळी किती मिली, आठवड्यातून किती दिवस, शेवटची कधी घेतली, सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, पूर्वी कधी सोडताना फिट आली होती का. किंवा तपासणीसाठी आत नेतात तेव्हा सिस्टरना सांगा, मला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीने बोलायचं आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर ही माहिती लागतेच, कारण त्यांच्या औषधांचा हिशेब त्यावर बदलतो.

लपवल्याने काय होतं ते सांगणं भाग आहे. रोज क्वार्टर घेणारी बाई ऑपरेशनसाठी भरती होते आणि दारू अचानक थांबते. 6 ते 24 तासांत घाम, थरथर, अस्वस्थपणा. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहीजणी भ्रमात जातात, बडबडतात, नळ्या उपसतात. नातेवाइकांना वाटतं भूल चढली किंवा आजार मेंदूत गेला. आधी ठाऊक असतं तर थायमिन आणि लोराझेपामसारखी औषधं वेळेवर सुरू होऊन हे टळलं असतं. म्हणून रोज घेणाऱ्यांनी ऑपरेशनच्या आधी, जमल्यास चार आठवडे आधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायला सुरुवात करावी. सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे. फोनवर बोलायचं असेल तर सरकारचा टेली-मानस क्रमांक 14416, व्यसनमुक्तीसाठी 14446. दोन्ही मोफत आहेत.

घरच्यांनाही एक काम आहे. केमोच्या महिन्यांत बाटली घरात ठेवू नका आणि तिच्यासमोर बसू नका. गटारीला किंवा 31 डिसेंबरला तिच्या हातात लिंबू-सोडा असेल तर कारण विचारू नका. कुणी आग्रह केलाच तर "गोळ्या चालू आहेत" एवढं पुरतं.

आणि मध्येच कुठे लग्नात, सहलीत घेतली गेली तर? ठरलेला डोस किंवा गोळी आपल्या मनाने चुकवू नका. त्या दिवशी आणखी घेऊ नका, पाणी भरपूर प्या, झोपेची आणि दुखण्याची गोळी घेण्याआधी फोन करून विचारा. पुढच्या रक्ततपासणीच्या वेळी तारीख आणि प्रमाण सांगा, म्हणजे एसजीपीटी वाढलं असेल तर उगाच औषध बदललं जाणार नाही. केमो चालू असताना अंगात 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप भरला तर "रात्रीची उतरली नसेल" म्हणून थांबू नका. पॅरासिटामॉल घेऊन ताप दाबू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच हॉस्पिटल गाठा आणि दारू घेतली होती हेही तिथे सांगा.